काचघराची ख्यालीखुशाली

जहाजावर त्याला सगळे पाना म्हणत. फिटरच्या मागच्या खिशात पाना असतोच, पण ह्याचा जेवतानाही तिथून हलत नसे, म्हणून ते नाव पडलं आणि कप्तानापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. तीस वर्षं त्याने जहाजांच्या पोटात काढली. नऊ महिने पाण्यावर, उन्हाळ्याचे तीन महिने घरी. इंजिन रूममध्ये हिरवं असं एकच होतं, यंत्रांना फासलेला रंग. पोपडे निघाले की पाना तो पुन्हा फासायचा. एवढाच काय तो तिथला वसंत.

अकरा वर्षांपूर्वीच्या एका सुट्टीत घराजवळची जुनी शाळा पाडायला काढली होती. पाना रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहायचा. कामगार खिडक्या उतरवून कुंपणाला टेकवून ठेवत आणि कलत्या उन्हात त्या चौदा चौकटी ओळीने चमकत. मुकादमाशी गोड बोलून त्याने त्या सगळ्या हातगाडीवर घातल्या आणि घरी आणल्या.

बायको दारातच उभी होती. ती घरी आल्टरची कामं करायची, कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. गळ्यात टेप होती, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या काढून तिने विचारलं, "ह्यांचं काय लोणचं घालायचंय?"

"काचघर करतो. थंडीतही झाडं जगतात आत."

"आणि थंडीत तुम्ही कुठे असता?"

त्याने काम सुरू केलं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून, जिथे दिवसभर ऊन यायचं तिथे, बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद जागा आखली. खालची दोन फूट विटांची, वर सगळ्या खिडक्या. प्रत्येक खिडकीची कडी वेगळी, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. एक ढकलल्याशिवाय उघडेना, एक बंदच होईना. एका काचेवर कुण्या पोराने खिळ्याने सातचा पाढा कोरला होता, तोही चुकीचा. पान्याने ती काच मुद्दाम दर्शनी बाजूला लावली. आत दोन्हीकडे फळ्या मारल्या, मधून एक माणूस जाईल एवढी वाट ठेवली आणि रोपवाटिकेतून पिशव्या भरभरून रोपं आणली. सुट्टी संपायला बारा दिवस उरले होते.

निघताना त्याने दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवला. कोणत्या फळीला कधी पाणी, कोणती खिडकी किती वाजता उघडायची, अगदी यंत्राच्या देखभालीचा असतो तसा. बायकोने तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"उंटावरून शेळ्या हाकायची हौस तुमच्याइतकी कुणाला नसेल," ती म्हणाली, आणि मशीनवर जाऊन बसली.

पहिला निरोप दोन महिन्यांनी आला. जहाज भर समुद्रात असलं की फोनचा काही उपयोग नसे. बंदर जवळ आलं, किनाऱ्याचे दिवे दिसायला लागले, की साठलेलं सगळं एकदम यायचं. फोटो कधी उतरायचेच नाहीत, अर्ध्यावर अडकून गोल गोल फिरत राहायचे. आवाजाचे निरोप मात्र यायचे. पाना मागच्या डेकवर, गुंडाळून ठेवलेल्या दोरखंडावर बसला, फोन कानाला दाबला आणि ऐकलं: "अहो, तुमचं एक झाड मेलं."

त्याने विचारलं, "कोणतं?"

तिचं उत्तर आलं, "मला काय माहीत. हिरवं होतं."

पाना एकटाच हसला. मग त्याने निरोप धाडला, की पानं कशी होती ते सांग, आठवत नसेल तर शेजारचं तसलंच एखादं बघ आणि सांग. तेव्हा कुठे बायको काचघरात नीट बघायला म्हणून गेली. नंतर तीच म्हणायची, की त्या दिवसापर्यंत ती पाणी घालायची ते कर्तव्य म्हणून, दुसऱ्याच्या दारचं कुत्रं आठवडाभर सांभाळावं तसं. मेलेल्या झाडाची ओळख पटवायची म्हणून तिने जिवंत झाडाकडे पहिल्यांदा धड बघितलं.

"केसाळ आहे पान," ती सांगत होती. "कडेला झिगझॅग कातरी चालवल्यासारखं. वरून साधंच, पण उलटून बघितलं तर खालून लाल. कोटाला आतून भारी अस्तर लावतात ना, तसं. बाहेरच्याला दिसायचंही नाही."

"बिगोनिया," पाना डेकवर स्वतःशीच म्हणाला. आणि त्याला वाटलं, हे पान आपण स्वतः विकत आणलं, पिशवीतून काढलं, मातीत लावलं, आणि आत्ता पहिल्यांदा पाहिलं.

तिथून ते सुरू झालं. ती रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी काचघरात जायची आणि जे दिसेल ते फोनमध्ये बोलायची. तीन तीन आठवड्यांचे निरोप बंदराजवळ एकदम यायचे. दुसरा कुणी असता तर त्याने एका बैठकीत संपवले असते. पाना पुरवून पुरवून ऐकायचा. सकाळच्या चहाला एक, दुपारच्या चहाला एक. पुढचं बंदर दोन आठवड्यांवर असेल तर एकावरच भागवायचा.

"आज बाहेर सगळं पांढरं झालंय," ती सांगायची. "कुंपणसुद्धा दिसत नाही. आणि आत लिंबाला फुलं आलीत. दार उघडलं तर वासाने अशी मागे सरले, जणू कुणी कपाट उघडून पावडरचा डबाच सांडलाय. सहा फुलं आहेत. सातवी कळी आहे, ती अजून काजातून अर्ध्या निघालेल्या बटणासारखी. तुमची ती चौथी खिडकी लागत नाहीये, तिथे मी जुन्या ब्लँकेटची पट्टी कोंबलीय. आणि तो कोपऱ्यातला नेचा, मेला मेला म्हणत होतात ना, त्याने तीन नवी पानं काढलीत, अजून गुंडाळलेलीच आहेत. मला वाटतं तो नुसता रुसला होता."

इंजिन रूममधून वर आल्यावरही कानात दणदण चालूच असायची. तरी तिचं एकेक अक्षर त्याला ऐकू यायचं, कारण फोन तो कानाला असा दाबायचा की कानाची पाळी लाल व्हायची. आचारी त्याच्या ताटात वाढताना विचारायचा, "पान्या, लिंबाचं काय झालं पुढे?" सेकंड इंजिनियर हा तसा खडूस माणूस, पण एकदा लिंबावर कीड पडल्याचं ऐकून त्यानेही साबणाच्या पाण्याचा उपाय सांगितला होता. जहाजावरच्या बावीस माणसांत काचघराची ख्यालीखुशाली ठाऊक नसलेला एकही नव्हता.

गंमत अशी, की पाना घरी यायचा तो उन्हाळ्यात. तेव्हा कुंड्या सगळ्या बाहेर अंगणात मांडलेल्या, काचघराच्या खिडक्या सताड उघड्या आणि आत रिकाम्या फळ्या. तो बिजागऱ्यांना तेल घालायचा, खिडक्यांचं लांबी-पुट्टीचं काम करायचा. एका सुट्टीत लेकीचं लग्न उरकलं, एका सुट्टीत छप्पर शाकारलं. पानं गळायच्या आत बॅग भरायची वेळ यायची. अकरा वर्षांत भर थंडीतलं काचघर त्याने एकदाही पाहिलं नाही. एकदा हा हिवाळा त्या काचांच्या आत बसून काढायचा, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

ती वेळ आली, पण वाकड्या वाटेने आली. दर वर्षीच्या तपासणीत डॉक्टरने त्याला काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं. पान्याने मन लावून बटण दाबलं. बाहेर आल्यावर डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाला, "तुम्ही मी वाजवलं तेव्हा पाच वेळा दाबलंत. वाजवलं नाही तेव्हा नऊ वेळा."

पुढच्या फेरीला त्याचं नाव नव्हतं. हिवाळ्याच्या तोंडावर, सत्तावन्नाव्या वर्षी, पाना कायमचा घरी आला. डॉक्टरने दिलेलं कानाचं यंत्र त्याने दोन दिवस घालून पाहिलं. पत्र्याच्या डब्यात बसून जग ऐकल्यासारखं वाटलं, तेव्हा ते कपाटाच्या खणात टाकलं.

पहिल्या सकाळी तो काचघरात शिरला तेव्हा चष्म्यावर वाफ धरली. तो पुसायला त्याने घाई केली नाही. आधी वास घेतला. ओली माती, लिंबाची पानं आणि त्यात कुठेतरी कुजत्या सालींचा गोडूस वास. मग चष्मा पुसला. खरंच, तिने सांगितलं होतं ते सगळं तिथे होतं. बिगोनियाची लाल अस्तरं, डोक्याला लागणारा नेचा, निवडुंगांची पलटण, छतालगत तारेवर चढवलेली मेणफुलांची वेल, जी नऊ वर्षांत एकदाही फुलली नव्हती. बाहेर रस्त्यावरून माणसं मफलर तोंडावर ओढून चालली होती आणि पाना शर्टाच्या बाह्या दुमडून उभा होता. त्याने एक उलटं खोकं ओढलं आणि बसला. त्याला वाटलं, आता मरेपर्यंत इथून उठूच नये.

आठवडा गेला, दोन आठवडे गेले. बायको सकाळी यायची, वाळकी पानं खुडायची, कुंड्या फिरवायची आणि काही न बोलता निघून जायची.

एकदा त्याने विचारलं, "काय म्हणतंय आज?"

"दिसतंय की समोर," ती म्हणाली, तेही त्याच्याकडे पाठ करून. त्याला फक्त 'समोर' ऐकू आलं.

पान्याला काहीतरी कमी वाटायला लागलं. काय, ते त्याला कळेना. आणि कळेनासं झालं की हातांना काम द्यायचं, ही त्याची तीस वर्षांची सवय. त्याने छताला छोटा पंखा बसवला. तापमान घसरलं की आपोआप चालू होणारा हीटर आणला. मग नळ्या टाकल्या, एकेका कुंडीत एकेक बारीक नळी, थेंब थेंब पाणी, कुणी ढुंकून बघायला नको. बायको हे सगळं बघत होती. एका सकाळी कुंड्या फिरवता फिरवता ती काहीतरी म्हणाली. पाना म्हणाला, "हो हो."

दहा दिवसांनी खालच्या फळीवरचे बिगोनिया माना टाकायला लागले. पान्याला वाटलं पाणी कमी पडतंय, त्याने नळी वाढवली. त्यानंतर बायकोने एक कुंडी पालथी केली. कंद कुजून हातात आला, पिकलेल्या फळासारखा मऊ. दुसरी केली. तिसरी केली. एकूण सहा कुंड्या.

ती रागावली नाही. तेच पान्याला जड गेलं. तिने माती झटकली, त्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि तोंडाकडे बघत हळू बोलली, "मी सांगितलं होतं. थंडीत हे झोपतात, ह्यांची नळी बंद करा. तुम्ही हो म्हणालात."

पाना सांडलेली माती हाताने गोळा करायला लागला.

"ऐकू आलं नाही तर नाही म्हणा. हो कशाला म्हणता?"

"जहाजावर तुझं सगळं ऐकू यायचं," तो म्हणाला.

"जहाजावर फोन कानात खुपसून ऐकायचात."

"तसं सांग ना मग. तेव्हा सांगायचीस तसं."

"कसं?"

त्याने जरा विचार केला. "मी इथे नसल्यासारखं."

बायको खोक्यावर बसली. मातीचे हात तिने मांडीवर तसेच ठेवले. "अकरा वर्षं तुम्ही इथे नव्हतात म्हणूनच तर बोलत होते," ती म्हणाली. "सकाळी उठून एकटीने बडबडायचं. कुणी 'हं' म्हणायला नाही. रस्त्यावरून जाणारे बघायचे, वाटायचं बाई कामातून गेली. मला तेव्हा एकच वाटायचं, की कुणीतरी शेजारी असावं आणि मला तोंड उघडावं लागू नये. आता तुम्ही आहात. मला गप्प बसू द्या ना जरा."

हे मात्र पान्याला स्पष्ट ऐकू आलं. त्याने त्या दिवशी नळ्या काढल्या, हीटरही काढला. पंखा ठेवला, तेवढी परवानगी मिळाली. पुढे दोघं सकाळी काचघरात बसत, ती गप्प आणि समाधानी, तो गप्प आणि कसनुसा. ती मशीनवर गेली की तो फोनमधले जुने निरोप काढायचा. लिंबाच्या झाडाशेजारी बसून तो सात वर्षांपूर्वीची लिंबाची फुलं ऐकायचा. झाड हाताच्या अंतरावर होतं. तरी त्याला ते फोनमधलंच लिंबू हवं असायचं, आणि ह्या गोष्टीची त्याला थोडी लाजही वाटायची.

त्याच सुमारास लेकीचा फोन आला. तिला सातवा महिना होता. डॉक्टरने अंथरुणातून उठायला बंदी केली होती, जावयाची नोकरी फिरतीची. बायकोने मशीनवर आवरण घातलं, हातातली कामं गिऱ्हाइकांना परत दिली आणि तिसऱ्या दिवशी बसमध्ये बसली. लेकीचं गाव एक अख्खा दिवस लांब होतं.

बसच्या पायरीवरून तिने त्याला सांगितलं, अगदी तोंडासमोर तोंड आणून, "मला रोज सांगायचं. फोटो पाठवून मोकळं व्हायचं नाही. फोटोत वास येत नाही."

पहिल्या दिवशी पान्याने फोन तोंडाशी धरला आणि सांगितलं: "सकाळचे आठ. आत अठरा डिग्री. वरच्या फळीला पाणी दिलं. दुसरी आणि सहावी खिडकी उघडली. सगळं ठीक."

तिचं उत्तर आलं, "हे काय? इंजिन रूमचा रिपोर्ट लिहिताय का कप्तानाला?"

दुसऱ्या दिवशी त्याने त्यात 'लिंबू बरं आहे' एवढी भर घातली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बरं आहे म्हणजे काय? ते काय तुमच्याशी बोललं का?"

पाना लिंबापुढे जाऊन उभा राहिला. काय सांगायचं असतं? पान आहे, हिरवं आहे. ती रोज एवढं कुठून काढायची? त्याने खोकं ओढलं, बसला आणि बघत राहिला. पाऊण तास गेला असेल. मग तो बोलला: "लिंबाला नवी फूट आलीय. रंग तांब्याच्या नळीसारखा, नवीन असते तेव्हा. आणि चमकतेय, तेल लावल्यासारखी. एक काटा पण नवा आलाय, तो अजून मऊ आहे. मी बोट लावून बघितलं. टोचत नाही."

ह्यावर तिचं उत्तर आलं नाही, दुपारपर्यंत आलं नाही. आलं तेव्हा एवढंच होतं: "परत सांगा उद्या."

तिची उत्तरं नीट ऐकू यावीत म्हणून त्याने कपाटाच्या खणातून कानाचं यंत्र काढलं. लेकीच्या घरात मागे भांडी वाजत, लेक हाक मारी, त्यात तिचा आवाज हरवायचा. यंत्र घालून तो तसाच काचघरात गेला, आणि त्याला वाटलं कुणीतरी काचेवर नखाने टकटक करतंय. सगळीकडे बघितलं, कुणी नव्हतं. ऊन वर येत होतं आणि गारठलेल्या काचा तापताना चौकटीत कटकट करत होत्या, एकीमागून एक, पूर्वेकडून पश्चिमेकडे. त्याने तिला ते सांगितलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "ते मी अकरा वर्षं ऐकतेय. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

पाना यंत्र काढायचं विसरला, ते कायमचंच.

मग तो सुटला. नेच्याचं पान घड्याळाच्या कमानीसारखं गुंडाळलेलं असतं आणि रोज अर्धा वळसा सुटतं, हे त्याने सांगितलं. निवडुंगाच्या काट्यांची मांडणी एखाद्या गिअरच्या दात्यांइतकी नेमकी आहे, हे सांगितलं. एक लहान नेचा त्याच्या हातून सुकला, तेही सांगितलं, आणि दोन रात्रींच्या कडाक्याने एक जिरेनियम गेलं, ते सांगितलं नाही. लेकीला मुलगी झाली. बायकोने बाळाचं वर्णन करून सांगितलं, दुमडलेले कान, नखं कागदासारखी. मग लगेच विचारलं, "आणि वेलीचं काय?"

कारण मेणफुलांच्या वेलीने कळ्या धरल्या होत्या. नऊ वर्षांनी, ती नसताना. पान्याला पहिल्यांदा वाटलं बुरशी आहे. मग जवळून बघितलं तर एका देठावर बारीक बारीक गुलाबी टाचण्यांची डोकी, पंचवीस-तीस, छत्रीसारखी उलटी टांगलेली. तिला सांगितलं तेव्हा तिने लगेच फोनच लावला.

"कधी उमलेल?"

"मला काय माहीत. आटे फिरताहेत, पण हळू."

"मी तीन आठवड्यांत येतेच आहे. तोवर थांबेल का?"

वेल थांबली नाही. दहाव्या दिवशी फुलं उमलली. पाना सकाळी आत गेला तर आख्खं काचघर मधाच्या आणि साखर करपल्याच्या मधल्या कुठल्याशा वासाने भरलं होतं. त्याने तिला फोन लावला. "मेणाची चांदणी, आणि त्या चांदणीत आणखी एक लाल चांदणी बसवलीय. प्रत्येकीच्या खाली एक थेंब लोंबतोय. मी चाटून बघितला. गोड आहे." मग म्हणाला, "तू हवी होतीस."

तिकडून हुंदका ऐकू आला की बाळाचं कुरकुरणं, ते त्याला यंत्र घालूनही ठरवता आलं नाही.

ती आली तेव्हा थंडी ओसरायला लागली होती. बॅग दारातच ठेवून, चप्पलही न काढता ती सरळ मागे गेली. पाना दोन पावलं मागे होता. तिने लिंबू पाहिलं, नेचा पाहिला, वेलीकडे मान वर केली. फुलं गळून गेली होती, देठ तेवढा राहिला होता. तिने पुन्हा सगळीकडे नजर फिरवली, जणू एखादी वस्तू इथेच ठेवली होती आणि आता दिसत नाही.

"काय झालं?" पान्याने विचारलं.

"काही नाही. मला वाटलं होतं मोठं असेल."

"बारा बाय आठ. मीच मोजलंय."

"ठाऊक आहे हो. इथेच तर असते मी." तिने एका कुंडीची कड पुसली. "पण तिकडे लेकीकडे, सकाळी खिडकीत उभी राहून तुमचं ऐकायची ना, तेव्हा हे केवढं तरी वाटायचं. त्या लिंबाच्या एका काट्यासाठी मी दिवसभर थांबायची. आता आले, तर..." ती थांबली. "तर तेच आहे. नेमकं तेच. तरी काहीतरी तिकडेच राहिल्यासारखं वाटतंय."

पान्याने खोकं तिच्याकडे सरकवलं. आपल्याला महिनोन् महिने जे शोधून सापडलं नव्हतं, ते हिने चप्पलही न काढता उभ्याउभ्या सांगितलं.

"मलाही," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग तिला ते जुने निरोप आठवले असावेत, लिंबाशेजारी कानाला फोन लावून बसलेला नवरा आठवला असावा. "म्हणून ऐकत बसायचात होय," ती हळूच म्हणाली. "आणि मला वाटायचं, म्हाताऱ्याला घर सोसत नाही."

"जिरेनियम मेलं एक," पाना म्हणाला. "सांगितलं नव्हतं."

"ते कळलंच होतं. पंधरा दिवस त्याचं नाव नव्हतं तुमच्या तोंडी."

ह्यावर कुणाला काही उपाय सुचला नाही, आणि तो काढायला कुणी बसलंही नाही. काही सकाळी ती स्वतःहून एखादं वाक्य बोलायची, त्याच्याकडे तोंड करून. काही सकाळी दोघं गप्प बसायची आणि काचांची कटकट ऐकायची. बरं चाललं होतं. पण आतून एक ओढ लागलेली असायची, आणि ती कुठे जायची आहे ते दोघांनाही सांगता आलं नसतं, कारण जिथे जायचं तिथेच ती दोघं बसलेली होती.

पुढच्या पंधरवड्यात पाना नातीला बघायला निघाला. त्याने तिला अजून पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. बायकोने वेलीचं एक पेर कापून ओल्या फडक्यात गुंडाळलं, त्याला सुईदोऱ्याने दोन टाके घातले म्हणजे वाटेत सुटणार नाही, आणि लेकीच्या खिडकीसाठी त्याच्या पिशवीत उभं ठेवलं. बसचा थांबा घराच्या मागच्या रस्त्यावर होता. पाना तिथे उभा राहिला तर काचघर समोरच दिसत होतं, रस्त्याच्या बाजूने त्याने ते फारसं कधी पाहिलं नव्हतं. उन्हाने काचा पिवळ्या झाल्या होत्या. आत बायको पाणी घालत होती. ती वाकली, सरळ झाली, आणि तिचे ओठ हलत होते.

फोन तिच्या हातात नव्हता. एका हातात झारी होती, दुसऱ्या हाताने तिने एक पान उलटून धरलं होतं. ती पुष्कळ वेळ बोलली, मध्येच थांबली, जणू कुणाचं तरी ऐकते आहे, आणि पुन्हा बोलायला लागली. पाना कुंपणापर्यंत आला. इतक्या लांबून, काचेपलीकडचं, यंत्र असून काही उपयोग नव्हता. ती काय सांगते आहे, आणि कोणाला, हे आत जाऊन विचारावं असं त्याच्या फार मनात आलं. त्याने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात वळणावर बस दिसली.